निःपक्षपाताचा उन्हाळा

कूलरवाला आज सकाळी येऊन गेला. मागच्या वर्षीचं कुजकं गवत त्याने उपसून टाकलं, वाळ्याच्या नव्या जाळ्या बसवल्या, टाकीत पाणी सोडलं आणि "मैडम, अब दो महीने चैन से बैठिए" असं म्हणून सायकलला टांग मारली. पंखा फिरायला लागला तसा खोलीभर ओल्या वाळ्याचा वास पसरला. लखनौत इतकी वर्षं काढलेल्या कुणालाही हा वास आला की बरं वाटतं. मला वैताग येतो. गेली पाच वर्षं येतो. बाहेर रिक्षावर कर्णा बांधून कुणीतरी मतं मागत चाललंय, टेबलावर फोन गुरगुरतोय, आणि नाकात वाळा. हे तिन्ही एकदम आलं की मी थेट त्या उन्हाळ्यात जाऊन पडते.

फोन का गुरगुरतोय ते मला न बघताही ठाऊक आहे. आमच्या लखनौच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एका गृहस्थाने दुसऱ्याला गुलाम म्हटलं असेल आणि दुसऱ्याने त्याला देशद्रोही. हे दोघंही एकाच कार्यालयातून निवृत्त झालेले, एकाच ठेल्यावरून भाजी घेणारे, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात पंगतीला वाढणारे. तोंडावर आले की "काय म्हणता, बीपी कसं आहे?" आणि घरी जाऊन फोन हातात घेतला की अंगात येतं. मी आता ॲडमिन नाही, त्यामुळे मला त्यात पडावं लागत नाही. तरीही दर वेळी मनातल्या मनात हात शिवशिवतो. ही उडवायची, ही ठेवायची, याला समज द्यायची. सवय वाईट असते.

मी मूळची पुण्याची. इथल्या एका संशोधन संस्थेत औषधी वनस्पतींवर काम करायला आले, तेव्हा नवं सहस्रक लागून थोडेच दिवस झाले होते. शहरात मराठी माणसं होती, पण विखुरलेली. कुणी विद्यापीठात, कुणी प्रयोगशाळांत, कुणी केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत. कुणीतरी एक मेलचा ग्रुप काढला. त्या ग्रुपचं काम एकच. जो महाराष्ट्रात जाईल त्याने आठ दिवस आधी मेल टाकायची: "शुक्रवारी निघतेय, कुणाला काय हवंय?" मग खाली याद्या लागत. गोडा मसाला, आमसुलं, भाजणी, दिवाळी अंक, एकदा कुणीतरी चक्क पाटा-वरवंटा मागितला होता. येणारा माणूस चारबाग स्टेशनवर चार जास्तीच्या पिशव्या घेऊन उतरायचा, आणि हमालाशी घासाघीस करतानाच मोबाइलवर लोकांना सांगायचा की तुमचं आलंय हो. मराठी टंकायची तेव्हा सोय नव्हती. "amsul aahet ka" असलं रोमन लिपीतलं मराठी आम्ही वाचायचो आणि त्यात कुणाचा अपमान करण्याइतकी कुणाची बोटं चालत नसत.

या सगळ्या पिशव्यांचे खरे पोस्टमन म्हणजे मेश्राम भाऊ. नागपूरचे, दूरसंचार खात्यात नोकरीला, अलीगंजमध्ये दोन खोल्यांच्या घरात राहायचे. बायको ज्योतीवहिनी आणि एक मुलगी, संघमित्रा, जिला सगळे मित्रा म्हणत. पिशवी कुणीही आणो, ती पोचवायचं काम भाऊंच्या स्कूटरवर येऊन पडायचं. "मला तसंही त्या बाजूला जायचंच आहे ताई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका माणसाला एका रविवारी शहराच्या पाच बाजूंना कसं काय जायचं असतं, हे मी कधी विचारलं नाही. ते नागपूरहून आले की माझ्याकडे न मागता लाखोळीची डाळ आणि सांबारवडीचा, म्हणजे त्यांच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा यायचा, आणि मी त्यांना थांबवून त्याच डब्यात काहीतरी भरून परत द्यायची. माझा नवरा अरविंद म्हणायचा, तुला सख्ख्या भावाचं इतकं कौतुक नाही. खरं होतं ते.

पुढे मेल मागे पडली आणि सगळे फेसबुकवर गेले. तिथे ग्रुप काढायचा तर ॲडमिन लागतो, म्हणजे कमेंट उडवायचा आणि माणसाला ग्रुपबाहेर काढायचा अधिकार असलेला. सर्वानुमते मी. "लिमये मॅडम बॅलन्स्ड आहेत," असं बर्वेकाका म्हणाले. बर्वेकाका म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, निवृत्त प्राध्यापक, शुद्धलेखन असं की कमेंटीतसुद्धा अर्धविराम. मला त्या वाक्याने काय गुदगुल्या झाल्या होत्या! आयुष्यभर मी ज्याचा पगार घेतला ते हेच होतं, की आपल्याला काय हवंय ते बाजूला ठेवून समोर काय आहे ते बघायचं. मला वाटलं, ग्रुप चालवणं म्हणजे तेच.

मग तो उन्हाळा आला. निवडणुकीचा. एप्रिलपासूनच लू, इकडचा तो भाजून काढणारा वारा, सुटली होती. दुपारी बाराला संस्थेच्या गेटापासून इमारतीपर्यंत चालत जायचं तर ओढणी नाकातोंडाला गुंडाळून, डोळे तेवढे उघडे. वीज जायची, इन्व्हर्टर दमायचा, आणि प्रयोगशाळेतले फ्रिज वाचवायला आम्ही जनरेटरच्या मागे पळायचो. रस्त्यावर फालसे, ती आंबटगोड बारकी फळं, विकणारे "काले-काले फालसे" ओरडत जायचे, बेलाच्या सरबताच्या गाड्यांवर माश्या आणि माणसं सारखीच घोंघावायची. आणि या सगळ्यात, घरोघरी, कूलरसमोर बसून, घामेजलेल्या बोटांनी लोक एकमेकांना नावं ठेवत होते.

भक्त. चमचा. गुलाम. विकाऊ. बिनडोक. पाकीट मिळालेला. एखाद्याने पेट्रोलच्या भावाबद्दल साधा प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळायचं नाही, नाव मिळायचं. एकदा नाव मिळालं की पुढे तो काय म्हणतो ते वाचायची गरज उरायची नाही. मला याचीच सर्वांत जास्त चीड यायची. अरे, भांडा ना! पण समोरच्याचं वाक्य तरी शेवटपर्यंत वाचा. मी संध्याकाळी घरी यायची, पर्स खाली ठेवायच्या आधी संगणक लावायची आणि तासभर केर काढायची. उडव, उडव, समज दे, उडव. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच.

आणि मग लोक माझ्यावर घसरले. एका बाजूचे म्हणाले, ॲडमिन छुपी भक्त आहे, आमच्याच कमेंटी उडतात. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, ॲडमिन पुरोगामी ताई आहे, आमच्याच कमेंटी उडतात. मी अरविंदला हे हसून सांगितलं. म्हटलं, दोन्हीकडून शिव्या खातेय, म्हणजे मी बरोबर मध्ये आहे. त्याने पेपरमधून मान वर न करता विचारलं, "कशाच्या मध्ये?" मला राग आला. मध्ये म्हणजे मध्ये, त्यात काय विचारायचं! त्या उन्हाळ्यात मला स्वतःबद्दल फारच खात्री होती.

ज्या भांडणाने सगळं बिघडलं ते सुरू कुठे झालं हे आठवलं की अजून कपाळावर हात मारावासा वाटतो. ज्योतीवहिनींनी ग्रुपवर लिहिलं होतं: "पुढच्या आठवड्यात नागपूरला जातेय. कुणाला काय आणू?" बस. आमचा जुना, साधा, बारा वर्षांचा प्रश्न. खाली पहिल्या दोघींनी डाळ आणि तिखट मागितलं. तिसरी कमेंट बर्वेकाकांची. "वहिनी, जाण्यापूर्वी मतदान मात्र अवश्य करा; अर्थात आपलं मत कुणाला, हे विचारण्याची गरज नाही म्हणा!" पुढे एक हसरा चेहरा.

मेश्राम भाऊंनी विचारलं, "का बरं गरज नाही काका?"

बर्वेकाका म्हणाले, "राग नसावा. ज्यांना बरंच काही आयतं मिळत आलं आहे, त्यांना मतही आयतंच सुचतं, एवढाच सविनय मुद्दा. व्यक्तिशः कुणाला उद्देशून नाही."

त्यानंतर दोन दिवस त्या डाळ-तिखटाच्या यादीखाली जे झालं ते झालं. दोन्हीकडचे धावून आले. सगळ्या नावांची पेटी उपडी झाली. वहिनींनी मध्येच एकदा लिहिलं होतं, "डाळ किती किलो ते सांगा," तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी भाऊंनी लिहिलं: "बर्वे, तुमच्या डोक्यात शेण भरलंय. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं तरी काय?"

मी ती कमेंट उडवली. आमचा नियमच होता, माणसाचं नाव घेऊन अपशब्द वापरायचा नाही. नियम मीच लिहिला होता. भाऊंना मी आठ दिवसांसाठी ग्रुपबाहेर काढलं, आणि बर्वेकाकांना फोनवरून समज दिली की काका, जरा जपून. ते म्हणाले, "अगं, मी कुणाचं नाव तरी घेतलं का?" नव्हतंच घेतलं. नियमात बसत होतं. भाऊंशी बोलायला मात्र मी फोन केला नाही. ते समजून घेतील असं धरूनच चालले होते. आपल्या माणसाला कडक वागवलं की आपण निःपक्षपाती ठरतो, असंही कुठेतरी वाटलं असेल.

फोन त्यांचाच आला, दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होते.

"मॅडम, मेश्राम बोलून राहिलो."

बारा वर्षांत पहिल्यांदा मॅडम. मी म्हटलं, "भाऊ, अहो नियम आहे. तुमच्याऐवजी दुसरा कुणी असता तरी..."

"हाँ, ते समजलं मला. शेण म्हणालो ना, म्हणालो. उडवा. पण त्यांचं राहू दिलं तुम्ही."

"त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही."

"माझ्या बायकोच्या पोस्टखाली लिहिलं मॅडम. नाव कायला घेतील?" मग म्हणाले, "तुमची कात्री शिवी बघते. टोमणा नाही बघत. बर्वे काकांना शुद्ध लिहिता येते, म्हणून सुटले. अच्छा, ठेवतो."

आठ दिवसांनी मी त्यांना पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं. पाच मिनिटांत ते स्वतःच बाहेर पडले. मागोमाग वहिनीही.

आता कुणीही शहाणी बाई स्कूटर काढून अलीगंजला गेली असती. मी काय केलं? मी प्रयोग मांडला. हसायचं तर हसा. पण आम्हा लोकांना हेच येतं. कुणी म्हणालं की तुझ्या मोजणीत खोट आहे, तर आम्ही भांडत बसत नाही, नमुन्यांवरची नावं झाकतो आणि दुसऱ्याकडून मोजून घेतो. मी त्या भांडणातल्या चाळीस कमेंटी निवडल्या, उडवलेल्या वीस (उडवायच्या आधी मी प्रत्येकीची प्रत ठेवायची), ठेवलेल्या वीस. नावं काढली. कुणाची बाजू कळेल असे पक्षाचे, नेत्यांचे उल्लेखही काढले. चिठ्ठ्या टाकून क्रम बदलला. प्रत्येकीपुढे एक चौकट: आक्षेपार्ह असेल तर एक, नसेल तर शून्य. उन्हाने तापलेल्या दुपारी संस्थेच्या प्रिंटरवर ते कागद काढताना मला इतकं हलकं वाटलं होतं! आता काय ते दूध का दूध होईल, आणि भाऊंना दाखवता येईल की बघा, यात माझा हात कुठेही नाही.

तपासनीस तीन हवे होते. मराठी वाचणारे हवेत आणि ग्रुपमधले नकोत, म्हणजे लखनौबाहेरचे. मी माझ्या बहिणीला पाठवलं, कॉलेजातल्या एका मैत्रिणीला पाठवलं आणि बहिणीच्या दिरांना, ते तर वकील. तिघांनी चार दिवसांत कागद भरून पाठवले. निकाल असा लागला की मी खुर्चीतच टाळी वाजवली. तिघांचं आपापसात एकमत आणि तिघांचं माझ्याशी एकमत. उडवलेल्या विसांपैकी अठरांना तिघांनीही एक दिला होता. बर्वेकाकांच्या "आयतं"ला तिघांनीही शून्य.

मी तो निकाल तक्त्यासकट ग्रुपवर टाकला. बर्वेकाकांनी लिहिलं, "शास्त्रीय दृष्टी म्हणतात ती ही!" भाऊ ग्रुपवर नव्हते, म्हणून त्यांना वेगळी मेल केली, थोडं गोड, थोडं समजुतीचं लिहून. शेवटी असंही लिहिलं होतं की आता तरी मनातली अढी काढून टाका.

उत्तर एका ओळीचं आलं. "तपासणारे तिघं कोण होते, कुठले?"

मी पंख्याखाली बसून ती ओळ वाचली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कानशिलं तापायला लागली. माझी बहीण, माझी मैत्रीण, बहिणीचे दीर. तिघांची शाळा एक. तिघांची आजोळं एकमेकांपासून चार गल्ल्यांवर. तिघांच्याही घरात जेवताना आवाज चढवायचा नाही असं लहानपणी सांगितलेलं. माझ्यासुद्धा. त्याच वर्षी मी एका विद्यार्थ्याचा सहा महिन्यांचा प्रबंध परत केला होता, कारण त्याने अश्वगंधेचे सगळे नमुने एकाच शेतातून आणले होते. त्याला मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की एका शेतातली तीस झाडं म्हणजे तीस नमुने नव्हेत, एकच नमुना तीसदा आणलास तू. पोरगं रडवेलं झालं होतं. आणि मी, त्याची मार्गदर्शक, एकाच आळीतली तीन माणसं आणून स्वतःला निर्दोष ठरवून घेतलं होतं. तेही तक्त्यासकट.

मी मेल बंद करून उठले. त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग यायचा. बर्वेकाकांचा, त्यांच्या अर्धविरामांचा. दोन्हीकडच्या त्या शूर वीरांचा, जे पेटवून देऊन गप्प झाले होते आणि आता आंब्यांचे फोटो टाकत होते. भाऊंचाही यायचा. वाटायचं, इतकी वर्षं घरी येता-जाता, एकदा तोंडावर भांडा की माझ्याशी. आणि मग आठवायचं की ते भांडले होते. जिन्यात, फोनवर. मी नियम सांगत होते.

मतमोजणी झाली. कुणी फटाके वाजवले, कुणी कूलरचा आवाज वाढवला. मला तो दिवस जवळजवळ आठवतच नाही. आठवतं ते हे की जूनच्या सुरुवातीला माझी एक शेजारीण पुण्याहून आली, आणि आमसुलांची पिशवी चार दिवस तिच्याकडेच पडून राहिली, कारण ती पोचवणार कोण हे कुणाला सुचेना.

आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, शिवी ओळखायला काहीच लागत नाही. शेण हा शब्द कुणालाही दिसतो. जे नीटनेटक्या वाक्यात, सविनय, हसऱ्या चेहऱ्यासकट येतं, ते ज्याच्यावर येऊन पडतं त्यालाच दिसतं, आणि तो ओरडला की आपण म्हणतो, भाषा सांभाळा. मी हे पुढे एकदोघांना बोलूनही दाखवलं. एक म्हणाला, म्हणजे तुम्ही शेवटी त्यांच्या बाजूच्या झालात तर. लागलं परत एक नाव! अशा वेळी हातातला कप भिंतीवर फेकावासा वाटतो. कुणाच्या बाजूची, अहो? मी माझ्या एका माणसाबद्दल बोलतेय.

जूनच्या मध्यावर दशहरी आंबा बाजारात आला आणि त्याच आठवड्यात कळलं की मेश्राम भाऊंची बदली झाली, जबलपूरला. सरकारी बदल्यांचा तो मोसमच. मला भाऊंकडून नाही, दुसऱ्यांकडून कळलं. ते चार दिवसांनी निघणार होते. मग मात्र मी रजा टाकली, ते कागद पिशवीत घातले, आणि भर दुपारी लू अंगावर घेत स्कूटरवरून अलीगंजला गेले. कागद कशाला घेतले, तर मला वाटलं, चौथा तपासनीस म्हणून ते भाऊंपुढे ठेवावेत. म्हणावं, तुम्ही तपासा, आणि तुमचा निकाल मी ग्रुपवर टाकते. इतकं सगळं होऊनही मी प्रयोगच दुरुस्त करायला निघाले होते.

दार मित्राने उघडलं. चौदा वर्षांची, दोन वेण्या, हातात सुतळीचं रीळ. मी म्हटलं, "काय गं, बाबा आहेत का?" ती म्हणाली, "जी, अंदर हैं। सामान बाँध रहे हैं।" आमचं बोलणं कायम असंच चालायचं, मी मराठीत आणि ती हिंदीत. तिने मला पाणी आणून दिलं आणि आत निघून गेली.

घरभर खोकी होती. भिंतीवरून बाबासाहेबांची तसबीर उतरवून चादरीत गुंडाळून ठेवलेली. वहिनी बाजारात गेल्या होत्या. भाऊ जमिनीवर बसून भांड्यांच्या खोक्याला गाठ मारत होते. "बसा ना मॅडम," म्हणाले आणि एकुलती उरलेली खुर्ची पुसून पुढे केली. मी खुर्चीत न बसता समोरच्या सतरंजीवर बसले आणि जे बोलायचं ठरवून आले होते ते बोलले. तपासनिसांचं चुकलं. एकाच आळीतले घेतले. बर्वेकाकांची कमेंट उडवायला हवी होती, तुम्हाला काढायच्या आधी फोन करायला हवा होता. हे कागद. तुम्ही तपासा.

त्यांनी कागद घेतले. चष्मा लावला. सावकाश, एकेक ओळ वाचत चाळीसच्या चाळीस कमेंटी वाचल्या. कुठेही खूण केली नाही. मग म्हणाले, "यात तुमची नाही."

"माझी कुठली?"

"तुम्ही लिहिली होती ना. मला काढायच्या आधी."

मी म्हटलं, ती ॲडमिनची सूचना असेल, तिचा यात प्रश्न नाही, हे लोकांच्या कमेंटींबद्दल आहे. खरं सांगायचं तर मी काय लिहिलं होतं ते मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. खिशातलं पेन काढून शेवटच्या कागदाच्या तळाशी त्यांनी एक्केचाळीस आकडा घातला आणि पुढे, न अडखळता, एकही खाडाखोड न करता लिहिलं:

"मेश्रामजी, या ग्रुपवरचे बहुतेक सगळे शिकलेल्या घरांतून आलेले आहेत. निदान त्यांचा मान ठेवून भाषा वापरावी."

पुढे त्यांनी पट्टी नसताना सरळ चौकट काढली आणि पेन माझ्या हातात दिलं.

शब्द माझेच होते. "निदान" माझा, "मान ठेवून" माझा. पुण्याच्या आमच्या घरात माझी आई मोलकरणीला ज्या आवाजात समजावून सांगायची, तो आवाज होता. मी चौकटीत एक लिहिला. तो तिरका आला.

"चुकलं माझं, भाऊ," मी म्हटलं.

ते पुन्हा गाठीकडे वळले होते. "मला पाठ करावं नाही लागलं," ते म्हणाले. "मित्राला मराठी बोलणं कळते, वाचता नव्हतं येत. म्हणून मी रोज तिच्याकडून ग्रुपवरचं मोठ्याने वाचून घ्यायचो. कोण जाऊन राहिलं, कोणाला काय पाहिजे. छान वाचायला लागली होती. तुमची ती तिनेच वाचली. मग मला विचारते, पापा, आजोबा तो मिल में थे ना, तो हमारा घर कौन-सा वाला हुआ?" त्यांनी सुतळी दाताने तोडली. "मी काय सांगू? म्हणून म्हणतो, मला नका सांगू मॅडम. तिला सांगा."

त्यांनी हाक मारली. मित्रा येऊन दारात उभी राहिली. मी उठले, तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "मित्रा, बाळा, त्या दिवशी मी जे लिहिलं ना..."

ती माझ्याकडे बघत होती. शांतपणे म्हणाली, "आंटी, हिंदी में कहिए।"

मग मी हिंदीत सांगितलं.